रामटेकेजींचा सात वाजताचा मिक्सर

बारा एप्रिल, भीमजयंतीला दोन दिवस बाकी. सोलरचा खर्च दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. हजर चौघे: चेरीताल मोहल्ल्यातले माझे शेजारी रामटेकेजी, त्यांच्या पत्नी सुमनताई, वीज कार्यालयाचा लाइनमन आणि मी. लाइनमनने घराचा मीटर काढून पिशवीत टाकला आणि रामटेकेजींनी कमानिया गेटच्या बाजारातून आणलेली खोव्याची जलेबी सर्वांत आधी त्याच्याच हातावर ठेवली.

"दादा, बिजली कट रही है, शादी नहीं हो रही," तो म्हणाला.

"आजपासून मी कोणाचा देणेकरी नाही," रामटेकेजी म्हणाले. सुमनताईंनी जलेबी घेतली नाही.

कारण साधं होतं. बिल जास्त आलं म्हणून ते तक्रार घेऊन गेले, तर खिडकीवरचा बाबू म्हणाला, आधी घरचं वायरिंग तपासा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं विजेची देखभाल केलेल्या माणसाला! बाबूचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या कूलरच्या पंपातून वीज जमिनीत जात होती. रामटेकेजींनाही ते कळलं असावं, कारण कूलर गुपचूप भंगारात गेला. पण तोवर गच्चीवर सहा सोलर पॅनल आणि जिन्याखाली चार बॅटऱ्या बसल्या होत्या.

बॅटऱ्यांच्या खोलीत चपला काढून जावं लागे. रामटेकेजी दिवसातून तीनदा काचेच्या नळीने बॅटरीतलं पाणी ओढून आकडा वाचत. बाराशे चाळीस आला, म्हणजे बॅटरी भरलेली असली, की त्या दिवशी माणसांशी नीट बोलत. कोणी भेटलं की पहिला प्रश्न, "लोड किती?" माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही हाच.

"सासू, सासरे आणि एक दीर," मी म्हटलं.

"चालते," ते म्हणाले. "पण बॅटरी निम्मीच वापरायची असते, भाऊ. पोरीले सांगून ठेवा."

सगळा हिशेब त्यांनी कागदावर केला होता. पंखे, ट्यूब, फ्रिज, सुमनताईंचं शिलाई मशीन. चूक एकच झाली. बॅटरी सर्वांत जास्त थकलेली असते सकाळी सातला आणि सुमनताई चटणी वाटतात सकाळी सातला. मिक्सर सुरू होताना एकदम तिप्पट वीज मागतो. थकलेली बॅटरी ती देत नाही, इन्व्हर्टर पीं-पीं करतो आणि घर बंद पडतं.

"सुमन, सूर्य तर वर येऊ दे!"

"काहून? चटणी सूर्याले विचारून करू का?"

"नऊ वाजता कर ना."

"नऊ वाजता मी तुमच्या डोक्यावर मिरे वाटीन! लोकं मले विचारून राहिले, मीटरवाल्याचं घर कुठलं, अन् बिनमीटरवाल्याचं कुठलं."

उन्हाळा निघाला, पावसाळाही कसाबसा निघाला. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली अडीचनंतर त्यांच्या दोन पॅनलवर पडू लागली. सहाही पॅनल एका माळेत जोडलेले. दोन झाकले की सगळ्यांचा जोर उतरतो. रामटेकेजी आले.

"भाऊ, टाकी दोन मीटर सरकवा."

मी टेप घेऊन गच्चीवर गेलो. टाकी माझ्या हद्दीत तीन फूट चार इंच आत होती. त्यांच्यादेखत मोजून दाखवली. सावली कुठे पडते याची जबाबदारी टाकीवाल्याची नाही, असंही सांगितलं.

"अच्छा. चलो," एवढंच म्हणून ते उतरले.

डिसेंबरात बॅटऱ्या एकदाही पूर्ण भरल्या नाहीत. सुमनताई मुलीकडे नागपूरला गेल्या. दारातून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ज्या दिवशी सकाळी सातले मिक्सर चालंल, त्या दिवशी फोन करा."

तेव्हापासून रोज सातला माझ्या चहाच्या वेळी भिंतीपलीकडून रिकाम्या मिक्सरची घरघर यायची. दोन सेकंद. मग पीं-पीं. हसू यायचं, सुरुवातीला.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यांचं आमच्याकडे आलेलं टपाल द्यायला गेलो. रामटेकेजी कानटोपी घालून अंधारात बसले होते. भिंतीवर लोडचा तक्ता होता. 'सुमन: ट्यूब, टीव्ही, मशीन' आणि प्रत्येकापुढे वॅट. 'मी' या नावापुढे शून्य.

"दिवा तरी लावा, रामटेकेजी."

"तिचा कोटा आहे तो. मी वापरला, तर ती आल्यावर कमी पडंल."

मी म्हटलं, बॅटरी म्हणजे बँकेतलं खातं नाही. महिनाभर शिल्लक टाकून जमा होत नाही.

"तुम्ही मले बॅटरी शिकवून राहिले का?" ते म्हणाले. मग कानटोपी खाली ओढून म्हणाले, "माहीत आहे, भाऊ." टाकीबद्दल बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी प्लंबर बोलावला. पाइप वाढवून टाकी जिन्याच्या पलीकडे नेली. तीन दिवस लख्ख ऊन पडलं. चौथ्या दिवशी सातला मिक्सर चालला, थांबेचना. मी गेलो तेव्हा रिकामं भांडं तापलं होतं आणि त्यांच्या कानाला फोन होता. "ऐकलं का? सुमन, ऐकलं का?"

पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं. नातू आता पावलं टाकतो, मुलीची नोकरी, होळीनंतर पाहू.

"हो हो. तेव्हा ऊनही चांगलं राहते," रामटेकेजी म्हणाले आणि मिक्सरचं बटण बंद केलं.

मग पाकीट काढून त्यांनी विचारलं, टाकीचे किती लागले. प्लंबरला मी एकोणीसशे पन्नास दिले होते. पाचशे म्हणून सांगितलं. "निम्मे माझे," म्हणत त्यांनी अडीचशे मोजून माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले.