आदगोंडा अण्णांचा गांडुळांचा कारखाना

मला कोल्हापुरात ठेवून घेतलं ते आदगोंडा अण्णांनी. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हांला वाटेल, असल्या मुलीला कुणी का ठेवलं.

अण्णा रोज सकाळी शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून उभे राहत. लेकराचा ताप बघावा तसे. मग म्हणत, "अजून कढत हाय. माणसांना घालू नगंस." माणसं म्हणजे गांडुळं. कळंब्याच्या अलीकडं उसाच्या पाचटाच्या छपराखाली अण्णांचा गांडूळखताचा कारखाना होता. कुणी पाय आपटत आत आलं की हळू आवाजात दटावत, "माणसं जेवायला बसल्यात."

तरुणांनी नोकरीमागं न धावता ह्या धंद्यात यावं, हे त्यांचं वेड. कॉलेज सुटताना ते फाटकाशी उभे राहत, रुमालात ओली माती आणि मूठभर गांडुळं घेऊन. "अर्ज लिहून दमला असशील तर ही बघ. ह्यांनी कधी अर्ज केला न्हाय, आन् एक दिस बसून ऱ्हायली न्हाईत."

एक पोरगा म्हणाला, "अण्णा, मासं किती गावलं?" बाकीचे हसत पळाले.

मी तेवढी पळाले नाही. कॉलेजच्या मेसमध्ये भांड्यांचं काम मागायला गेले होते, ते मिळालं नव्हतं. आठवीत शाळा सोडून वाशीमहून बहिणीकडं आले होते. दाजींनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काम मिळालं तर राहा, नाहीतर परत जा. तिकडं माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं. अण्णांनी रुमाल पुढं केला, मी हात पुढं केला.

दोन महिने बरे गेले. मग मुरगूडचे एक रोपवाटिकावाले गुरुवारी खत बघायला येणार असं ठरलं. अण्णा म्हणाले, "त्यांनी कायमचं खत धरलं, तर तू बी कायमची." आणि मंगळवारी ते एका लग्नाला राधानगरीला गेले.

पाहुण्यांना वाफे भरलेले दिसावेत म्हणून मी दोन वाफ्यांवर त्याच दिवसाचं शेण पसरलं. भाकरी ताजी बरी, तसं शेणही ताजं बरं, असं वाटलं मला.

बुधवारी सकाळी गांडुळं वाफ्यांच्या भिंती चढून बाहेर पडत होती. बरीच उन्हात वाळलीसुद्धा होती. तेवढ्यात अण्णा आले. मुंगी दिसली तरी वाट बदलणारा माणूस. त्यांनी वाफ्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"अण्णा, मी जाऊ का?"

"जा की. आधी ही उचल."

दुपार टळेपर्यंत आम्ही ओल्या पोत्यांवर एकेक गांडूळ वेचलं आणि जुन्या, गार वाफ्यात सोडलं. ते पुटपुटत होते, "पोळलासा व्हय रं."

गुरुवारी रोपवाटिकावाले रिकाम्या वाफ्यांपाशीच थांबले. "अण्णा, ह्ये काय?"

"ताजं शेण पडलं."

"कुणाच्या हातनं?"

वाशीमला परत जायचं धरून मी कपड्यांची पिशवी भरूनच आले होते.

"ज्याचा कारखाना त्याच्या," अण्णा म्हणाले. "आता पावणं, शेण किती दिस मुरवायचं ते ह्या पोरीला इचारा. तिला आता जल्मात इसर पडायचा न्हाय."

मी सांगितलं. ढिगात हात घालून गार लागलं की मगच घालायचं, हेही सांगितलं. पाहुण्यांनी बाकीच्या वाफ्यांतलं खत मुठीत दाबून पाहिलं, वास घेतला, आणि दर महिन्याला गाडी पाठवतो म्हणाले.

ते गेल्यावर अण्णा हात धूत बसले. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी धूत होते.

"आमच्या पोरानं, सुकुमारनं बी ह्योच घोळ घातलता. मी त्याला चार माणसांत नको नको ते बोललो. गेला पुण्याला. दिवाळीला शेजारच्या एसटीडीवर फोन येतो. बरा हाय म्हणतो."

मी पिशवी रिकामी केली.

आता माझे स्वतःचे चार वाफे आहेत. सुकुमारदादाचा पत्ता मी मिळवलाय, अण्णांना न सांगता. दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तिसरं लिहिणार आहे, नाही जमलं तर पुण्याला जाणार आहे. एक दिवस त्याला छपराखाली आणून उभा करीन. अण्णांचं माझ्यावरचं ऋण मला असंच फेडायचंय.