आईचा खरा रंग

आईच्या शोकसभेला जेमतेम तासभर उरला असताना स्टुडिओतून मोठा केलेला फोटो आला, आणि त्यात भलतीच गोरी बाई हसत होती. नाक-डोळे आईचे, पण रंग पार धुतलेला.

तिच्या लेकीनं, समीक्षकबाईंनी, फोटो उचलून उजेडात धरून पाहिला. सिनेमात, कादंबऱ्यांत, निवडणुकीच्या पोस्टरांवर सावळ्या बाईला कसं गोरं करून टाकतात, हे लिहिण्यात त्यांची उभी हयात गेली होती. एका पोस्टरपायी त्यांनी एका निर्मात्याला सळो की पळो करून सोडलं होतं. आता सभेला त्यांचे सगळे वाचक येणार. पण खरं दुखणं ते नव्हतं. आई गेलीच होती, आता तिचा चेहराही जात होता.

भावाला आणि मावशीला घेऊन त्या स्टुडिओत धडकल्या.

"मॅडम, सगळ्यांनाच करून देतो," फोटोवाला म्हणाला. "आजवर कुणाची तक्रार नाही."

"मूळ फोटो लावा."

"तो इथेच काढला होता, त्याच फाइलवर काम केलं. मूळ उरलाच नाही."

"मग दुसरा?"

"दुसरा कुठला, ताई?" भाऊ म्हणाला. "कॅमेरा दिसला की आई स्वयंपाकघरात पळायची."

फोटोवाल्यानं रंग गडद करायला घेतला. आधी आईबरोबर मागची भिंतही काळवंडली, मग आई जांभळी झाली. "नेमका किती सावळा, ते तरी सांगा!" तो घायकुतीला आला.

"कॉफीसारखा," त्या म्हणाल्या आणि वरमल्या. बाईच्या रंगाला खाण्यापिण्याच्या उपमा देणाऱ्या लेखकांची त्यांनी आजवर सालटी काढली होती.

"छे! एवढी कुठे काळी होती आई?" भाऊ उसळला.

दोघं हमरीतुमरीवर आली. मग बाईंना रडू फुटलं. आईचा रंग काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

कोपऱ्यात बसलेली मावशी उठली आणि तिनं आपला हात पडद्याशेजारी धरला. "आम्ही दोघी अगदी सारख्या. लोक चिडवायचेसुद्धा एकदमच. हा घ्या."

रंग जुळला. पडद्यावर आई आली. बाईंनी मावशीला घट्ट मिठी मारली.

"आलेच आहे तर माझाही फोटो काढून ठेवा," मावशी फोटोवाल्याला म्हणाली. "पुढे मुलांची धावपळ नको."

ती खुर्चीत बसली, केस सारखे केले आणि भाचीकडे न बघता हळूच म्हणाली, "माझा मात्र जरा उजळ करा हं."

फोटोवाल्यानं बाईंकडे पाहिलं.

बाईंनी डोळे पुसले. "करा," त्या म्हणाल्या. "ती सांगतेय तसा करा."