मार्लिसच्या स्वयंपाकघरातली शांतता

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. आमच्या तळ्याकाठी लोकांना खऱ्या वाटलेल्या बहुतेक गोष्टी मी रचलेल्या होत्या. ही एकच खरोखर घडली, म्हणून हिच्यावरच कुणी विश्वास ठेवत नाही. साक्षीदार हवा असेल तर मार्लिस टॉलेफसन इथेच बसली आहे, मासेमारीच्या सामानाच्या या दुकानात, गांडुळांच्या डब्यांशेजारच्या स्टुलावर. घर तिचं, फ्रीझर तिचा. भिंतीवरून काचेच्या डोळ्यांनी बघतोय तो मासा मात्र माझा. त्याच्याकडे तूर्त लक्ष देऊ नका.

स्वतंत्र चित्रपट हा मानवजातीच्या थोर उद्योगांपैकी एक आहे. स्वतंत्र म्हणजे ज्याला पैसे देणारा कुणी नाही आणि बघायला येणाराही कुणी नाही. दोन्ही बाजूंनी मोकळा. माझ्या हिशेबाने (हिशेब कडक आहे, आधार विचारू नये) अमेरिकेतल्या दर तीन दंतवैद्यांपैकी एकाने अशा चित्रपटात पैसे घातलेले असतात आणि उरलेल्या दोघांचे भाचे दिग्दर्शक असतात.

एमेट प्रेगर हा असाच एक भाचा. जुलैच्या सुरुवातीला तो ब्रुकलिनहून एक व्हॅन आणि दहा माणसं घेऊन आमच्या मिनेसोटात उतरला. त्याला एक स्वयंपाकघर हवं होतं. साधं नको, दुःख झालेलं. मार्लिसचा नवरा व्हर्लिन तीन वर्षांपूर्वी वारला होता आणि तेव्हापासून तिने घरातली कपबशीसुद्धा हलवली नव्हती. एमेटने भिंतीवरचे फुलाफुलांचे कागद पाहिले आणि छातीवर हात ठेवला.

"मिसेस टॉलेफसन, या भिंती रडताहेत."

"पाइप गळतोय," मार्लिस म्हणाली. "व्हर्लिन असता तर कधीच दुरुस्त केला असता."

"कृपा करून दुरुस्त करू नका!"

काम एका दिवसाचं ठरलं. मोबदला म्हणून चित्रपटाच्या शेवटी तिचं नाव येणार होतं. अशा चित्रपटांत पैशांऐवजी नाव देतात, त्यामुळे शेवटची नावं संपेपर्यंत थांबणारे प्रेक्षक म्हणजे घर, कुत्रा किंवा शिडी उसनी दिलेले लोक असतात. मार्लिसने एकच अट घातली.

"कोपऱ्यातल्या त्या पेटीच्या फ्रीझरला हात लावायचा नाही. व्हर्लिनचा मासा आहे आत."

इथे थोडा खुलासा करतो. आयुष्यातल्या शेवटच्या रविवारी व्हर्लिनने एक वॉलआय जातीचा मासा धरला. घरच्या काट्यावर तो माझ्या माशाला भारी पडला, असं म्हणतात. परंतु तळ्याच्या नियमानुसार, मासा ऑगस्टच्या जत्रेत समितीसमोर अखंड आणि सुस्थितीत तोलल्याखेरीज या दुकानातल्या विक्रमी माशांच्या भिंतीवर चढत नाही. तीन वर्षं मार्लिसला तो बाहेर काढवला नाही. त्या वर्षी तिने मन घट्ट केलं होतं. ऑगस्टमध्ये मासा तोलायचा, त्यात भुसा भरून घ्यायचा आणि खाली पितळी पट्टीवर व्हर्लिनचं नाव कोरायचं. मला तर आनंदच होता. मी एक खिळा खाली सरकायला तयार होतो.

आता शांततेकडे वळू. चित्रपटवाल्यांचा असा रिवाज आहे की प्रत्येक खोलीत सगळ्यांनी तीस सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता मुद्रित करून घ्यायची. एका खोलीची शांतता दुसरीला बसत नाही, शेजाऱ्याच्या बुटासारखी कुठेतरी चावते. फ्रीज घरघरत असेल तर शांतता बाटते, म्हणून तो बंद करतात. आणि परत चालू करायचा विसरू नये म्हणून, ज्याने बंद केला त्याने आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. किल्ली घ्यायला गेलं की फ्रीज आठवतो. हा नियम इतका निर्दोष आहे की तो निकामी करायला माणसाकडे मुळात गाडीच नसावी लागते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या ज्युनिपरकडे गाडी नव्हती. ब्रुकलिनमध्ये गाडी ठेवणं हे अडाणीपणाचं लक्षण मानतात. पण नियम तो नियम. भल्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आत आली. मार्लिसची अट तिच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. तिने भिंतीतला प्लग काढला, खुर्चीवरच्या एमेटच्या जाकिटातून व्हॅनची किल्ली घेतली, फ्रीझरचं झाकण उचललं, मटारच्या पिशव्या बाजूला सारल्या. गोठलेल्या माशाचा जबडा उघडाच होता. किल्लीची कडी तिने त्याच्या खालच्या दाताला अडकवली, स्वतःशीच हसली आणि झाकण लावलं. त्या वेळी खोलीत तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. (मी त्या दिवशी डलूथला होतो, दाढ काढायला.)

दुपारी जेवणात आदल्या दिवशीचा गार पिझ्झा आला. स्वतंत्र चित्रपटात पगार म्हणून अनुभव देतात आणि अनुभव पोटात उतरावा म्हणून जेवण. फार्गोला दुसऱ्या एका चित्रपटात गरम हॉटडिश (आमच्याकडचा मांस-बटाट्याचा भट्टीतला रगडा) मिळतो असं ज्युनिपरला कळलं, तशी ती कुणाशी एक शब्द न बोलता तीनच्या बसने निघून गेली. पुढे ती हिमनद्यांची शांतता मुद्रित करायला अलास्कात गेली म्हणतात. त्यानंतर ती आमच्यापैकी कुणाला भेटली नाही.

संध्याकाळी व्हॅनची किल्ली सापडेना. दुसरी किल्ली होती, पण ती हरवू नये म्हणून व्हॅनच्या आत ठेवली होती. कुलूपवाल्याला बोलवावं अशी सूचना आली. परंतु कुलूपवाला नाव घेत नाही, पैसे घेतो. सूचना बारगळली.

"किल्ली हरवलेली नाही," एमेट दोन दिवस विचार करून म्हणाला. "कथेलाच इथून जायचं नाहीये."

तळ्यावरचा प्रसंग स्वयंपाकघरातल्या मोरीत घेतला. स्मशानातला टेबलाखाली. स्वयंपाकघराभोवती पिवळी पट्टी लागली: आतली कुठलीही वस्तू हलवू नये. मार्लिसच्या अटीची आठवण ठेवून फ्रीझरवर वेगळी पट्टी लावली आणि झाकणावर खाण्याचं सामान मांडलं, म्हणजे चुकूनही कुणी ते उघडायला नको. बाईंच्या शब्दाचा इतका मान मी कुठल्या पाद्र्याला ठेवताना पाहिला नाही.

बेमिजीला बहिणीकडे राहिलेल्या मार्लिसचा फोन यायचा.

"झालं का रे तुमचं?"

"आम्ही सत्याच्या फार जवळ आलोय, मिसेस टॉलेफसन."

"बरं. फ्रीझरला कुणी हात नाही ना लावला?"

"कुणीही नाही. आईशपथ!"

पोरगा शब्दाचा पक्का होता. खरंच कुणी हात लावत नव्हतं. ज्युनिपरच्या जागी आलेला ध्वनिमुद्रक तर कानाला यंत्र लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "असं शांत स्वयंपाकघर मी उभ्या अमेरिकेत पाहिलं नाही. घरघर म्हणून नाही!"

चौथ्या दिवशी वास आला.

पण कलावंतांच्या जगात वास हा खाजगी विषय असतो. त्यातून डेस्मंड आक्टरबर्ग नावाचा नट मयत कोळ्याच्या मुलाचं काम करत होता. भूमिकेत उतरायचं म्हणून त्याने चित्रीकरण संपेपर्यंत अंघोळ न करण्याचं व्रत घेतलं होतं. सगळ्यांनी तो वास त्याचाच धरला आणि त्याच्याबद्दलचा आदर दिवसेंदिवस वाढत गेला. सातव्या दिवशी त्याच्याजवळ कुणी बसेना, तरी मेकअप करणारी मुलगी लांबून म्हणाली, "याला म्हणतात समर्पण." डेस्मंडला स्वतःला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, आपण इतके खोल उतरलो आहोत की वडिलांचा मासळीबाजार अंगातून बाहेर पडतोय. दहाव्या दिवशी तो टेबलाशी बसून खरं खरं रडायला लागला. समोरची नटीही रडली. कॅमेरावालाही. एमेट माझ्या कानात कुजबुजला, "आर्विड आजोबा, बघताय ना? याला अभिनय म्हणत नाहीत."

"नाही म्हणत," मी म्हणालो. मी रोज सकाळी डोनट घेऊन जायचो आणि मागच्या पायऱ्यांवर बसायचो. वारा कुठून येतो ते बघून.

शेवटच्या दिवशी एमेटला सुचलं की मुलाने बापाच्या फ्रीझरमधून बापाची बियर काढावी. मार्लिसला फोन केला. ती तेव्हा दमली होती; म्हणाली, "उघड बाबा, पण मासा हलवू नकोस." कॅमेरा सुरू झाला. डेस्मंडने झाकण उचललं.

पुढचं वर्णन करण्याचं कारण नाही, ते चित्रपटात आहे. डेस्मंड गुडघ्यावर बसला. नटी मोरीकडे धावली. ध्वनिमुद्रकाने कानाचं यंत्र उगाचच काढून नाकाला लावलं. "थांबा" म्हणायला कुणाच्या छातीत श्वास नव्हता, म्हणून कॅमेरा चार मिनिटं चालूच राहिला. शेवटी लांब चिमट्याने तळाच्या चिखलात चाचपताना किल्ली लागली आणि तासाभरात व्हॅन गाव सोडून गेली.

जानेवारीत डोंगरातल्या बर्फाळ गावी महोत्सव झाला. लोक उभे राहून इतका वेळ टाळ्या वाजवत होते की काहींचे हातमोजे फाटले. एका जाणकाराने लिहिलं, "अमेरिकन कुटुंबाच्या अंतरंगाचं झाकण इतक्या निर्भयपणे आजवर कुणी उचललं नव्हतं." डेस्मंडला अभिनयाचं पारितोषिक मिळालं, ते घ्यायला तो अंघोळ करून आला, तेव्हा काही लोक निराश झाले. ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक शांततेला मिळालं.

आमच्या गावी तो चर्चच्या तळघरात चादरीवर दाखवला. मार्लिस पहिल्या रांगेत होती. झाकण उघडलं आणि व्हर्लिनचा मासा, जो काही उरला होता तो, भिंतभर पसरला. मार्लिस उभी राहिली. मग ती म्हणाली, "निदान आज तरी तो आर्विडच्या माशापेक्षा मोठा दिसतोय," आणि कोट घेऊन बाहेर गेली. शेवटच्या नावांत तिचं नाव होतं, पण तोवर ती घरी पोचली होती.

मासे समितीने प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. चादरीवरचं वजन नियमानुसार ग्राह्य धरता येत नाही, असा निर्णय झाला. (समितीचा अध्यक्ष मीच आहे, पण मी मतदान केलं नाही. गरज पडली नाही.)

आता लोक विचारतात, इतके दिवस, इतकी शिकलेली माणसं, आणि एकालाही कसं कळलं नाही? अहो, त्यांना कशाला बोल लावता! त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तुमचं काय? किल्ली कुठे आहे, प्लग कुठे आहे, बाहेर जुलै आहे, आत व्हर्लिनचा मासा आहे, हे तुम्हाला कॉफीच्या पहिल्या घोटापासून माहीत होतं. एकाने तरी हात वर केला? "आर्विड, थांब, आधी त्या बाईला फोन लाव," असं कुणी म्हणालं? छे! वास कधी येतो याची वाट बघत गालातल्या गालात हसत बसलात. यालाच प्रेक्षक म्हणतात. आणि मी म्हणतो, असा प्रेक्षक आहे तोवर स्वतंत्र चित्रपटाला मरण...

"आर्विड," गांडुळांच्या डब्यांकडून मार्लिस म्हणाली.

"बोल."

"किल्ली तळाच्या चिखलात सापडली ना?"

"तळाच्या चिखलात. चिमट्याने काढली."

"आणि ती पोरगी कुणाशी एक शब्द न बोलता गेली."

"अवाक्षर नाही. तेच तर सांगतोय."

"आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तू डलूथला होतास."

"दाढ काढायला."

"मग किल्ली आधी माझ्या व्हर्लिनच्या माशाच्या खालच्या दाताला अडकवली होती, हे तुला रे कुणी सांगितलं?"