पुढच्याला हाच हक्क

रज्जाकसरांनी पुतणीच्या लग्नपत्रिकेवर, अगदी तळाशी, छापून घेतलं होतं : 'ही पत्रिका कोणीही नकलून घ्यावी, बदलावी, वाटावी. फक्त पुढच्याला हाच हक्क द्यावा.' तेरखेड्यातल्या एकानं खरोखरच नावं बदलून तीच पत्रिका छापली, तळच्या ओळीसकट! सर ती खिशात घालून आठवडाभर येरमाळ्यात फिरले. "बघा, चालतंय का न्हाय!"

सरांचा हायवेला कॉम्प्युटर क्लास आहे. मी जवळच्याच शाळेत मराठी शिकवतो. सरांच्या क्लासमधली सगळी सॉफ्टवेअर मुक्त. म्हणजे कोणीही वापरावीत, उघडून बघावीत, सुधारावीत. पण ती कशी चालवायची हे सांगणारी पुस्तकं इंग्रजीत. "दार उघडं ठिवलं आन् पायरीच न्हाय बांधली, तर माणूस आत येणार कसा?" म्हणत सरांनी सहा वर्षं खपून मराठीत चारशे पानांचं पुस्तक लिहिलं, नेटवर फुकट टाकलं. पहिल्या पानावर हीच अट.

गेल्या वर्षी ते मला धाराशिवच्या एका दुकानात दिसलं. गुळगुळीत कव्हर, लेखक भलताच, आणि आत 'सर्व हक्क राखीव'. मी तावातावानं येऊन सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या पहिल्या एसटीनं जाऊ."

प्रकाशकाचं ऑफिस धाराशिवातच होतं. सरांनी आपलं नाव सांगताच तो गडबडला. "चूक झाली सर. तुमचं नाव घालतो. मानधन देतो."

"नावाचं ऱ्हाऊ द्या. विका, खुशाल विका. पण राखीव कुणासाठी ठिवलं? ती अट परत घाला."

प्रकाशकानं तिथल्या तिथं लिहून दिलं. मला वाटलं, झालं काम. पण सरांनी पुस्तक पुढं ओढलं आणि छपाईतल्या चुका काढायला बसले. "लोकांच्या हातात चुकीचं जाया नको." दोन तास! प्रकाशक चहावर चहा मागवत होता, आणि हयातभर लाल पेन चालवलेला मी मास्तर नुसता थक्क होऊन बघत होतो.

परतीच्या एसटीत सरांनी पिशवीतून वही काढली. "नवा धडा लिहायला घेतलाय. वाचू?"

त्यांनी वाचलं. काही कळलं, काही नाही. मी आपली मान हलवली.

सर थांबले. "माझी बायको शाहिदा अशी मान न्हाय हलवायची. चौथी शिकलेली. अख्खं पुस्तक तिला वाचून दाखवलंय म्या. ती 'न्हाय कळलं' म्हणली, की पान फाडायचं, परत लिहायचं. तिला जाऊन दोन वर्सं झाली. तवापासून एक धडा पुरा झाला न्हाय."

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"सर," मी म्हणालो, "खरं सांगू? तिसरी ओळ मला कळलीच नाही."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. मग वही उघडून पेन्सिल हातात घेतली.

"व्हय? सांगा, कुठं अडलं?"