ऐकून घेण्याची नोकरी

कोणत्याही संस्थेची प्रगती तिथल्या तक्रारी किती घटल्या यावरून मोजतात, आणि तक्रारी घटवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्या नीट ऐकून घेणे. कपडे धुण्याची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीला हे सत्य गवसलं आणि तिने मनुष्यबळ विभागात त्यासाठी खास पदवीधर नेमायला सुरुवात केली. (यंत्रसामग्रीपेक्षा पदवीधर स्वस्त पडतात. शिवाय त्यांना वीज लागत नाही.)

यंदाच्या भरतीत धाकटी लागली. घरात तिला धाकटी म्हणत, आपणही तेच म्हणू. सहा महिने शिकाऊ, मग काम पाहून कायम. वडिलांनी मात्र पहिल्याच दिवशी साऱ्या गोतावळ्यात "आमची धाकटी ऑफिसर झाली" म्हणून फोन फिरवले होते. आता कायम झाली नाही तर घरादाराची अब्रू जाणार होती.

प्रशिक्षण अगदी शास्त्रशुद्ध. मान किंचित डावीकडे कलती ठेवावी. (उजवीकडे कलली की संशय घेतल्यासारखं दिसतं.) हातात पेन असावं, पण लिहू नये, लिहिलं की समोरच्याला आशा वाटते. टिश्यूचा डबा फार जवळ ठेवला तर माणसं रडतात, फार लांब ठेवला तर ओरडतात. "बघते", "करते" असले शब्द चुकूनही तोंडातून जाऊ नयेत. त्याऐवजी म्हणावं, "तुम्ही हे बोललात, हेच फार मोठं आहे."

धाकटीने घरी सराव केला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि आई तावातावाने त्याचा उद्धार करत होती. धाकटीने मान डावीकडे कलती केली. "आई, तू हे बोललीस, हेच फार मोठं आहे."

"डोंबल मोठं!" आई म्हणाली. "मान वाकडी करून उभी काय राहतेस? तो पाना दे इकडे."

ही पद्धत सख्ख्या आईवर चालत नाही, एवढी नोंद धाकटीने मनाशी घेतली.

सहा महिने संपत आले तेव्हा कारखान्यात एकच तक्रार उरली होती. पॅकिंग हॉलमधला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद होता, पावडर उडत होती आणि बायका दिवसभर खोकत होत्या. विभागप्रमुख मोठ्या बाई म्हणाल्या, "ही एवढी मिटव, की तू कायम."

"पंखाच दुरुस्त केला तर?" धाकटीने भाबडेपणाने विचारलं.

मोठ्या बाईंना तिची कीव आली. "अगं, मग ते दुरुस्ती खात्याचं काम झालं. त्यात तुझं काय दिसणार?"

तक्रार करणाऱ्या पॅकिंगच्या मावशी आल्या. खोकत खोकत सगळं बोलल्या. रात्री आडवं होता येत नाही, हेही. धाकटीचे डोळे खरोखरच भरून आले. (हे प्रशिक्षणात नव्हतं, पण उपयोगी पडलं.) मावशी विरघळल्या. "पोरी, इतक्या वर्षांत मला इथं कुणी बस म्हटलं नव्हतं गं. जाऊ दे तो पंखा." त्यांनी तक्रार मागे घेतली. जाताना दारात त्यांना उबळ आली, तर त्याबद्दल धाकटीची माफी मागून गेल्या.

पण कायम केल्याचं पत्र काही आलं नाही. शेवटी धाकटी कंबर कसून मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली. शब्द दिला होतात, घरी काय तोंड दाखवू, सगळं बोलली. बाईंनी पेन हातात घेतलं. टिश्यूचा डबा जरा सरकवला. मान डावीकडे कलती केली.

"तू हे बोललीस ना, हेच फार मोठं आहे."

धाकटीला सगळं कळत होतं. पेन लिहीत नाही, हेही दिसत होतं. तरी मेला हात टिश्यूच्या डब्याकडे गेलाच. इतक्या मायेने तिचं कुणी ऐकलं नव्हतं. "जाऊ दे बाई," ती म्हणाली, "मीच जरा घाई केली." जिन्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आणखी सहा महिने शिकाऊ राहिलो आणि वर माफीही मागून आलो. खालून पॅकिंग हॉलमधला खोकला ऐकू येत होता.

आणि तुम्ही! मावशींचा खोकला काय, धाकटीची फजिती काय, सगळं किती शांतपणे ऐकून घेतलंत. मध्ये एकदा चुकचुकलातसुद्धा. पंखा अजून बंदच आहे. आता मान न हलवता बघा बरं, ती कुठल्या बाजूला कलली आहे? डावीकडे असेल तर विभागात एक जागा रिकामी आहे, जरूर अर्ज करा. प्रशिक्षणाची गरज पडणार नाही.