नवऱ्याच्या मेंदूत कोण कोणाशी बोलतं

संध्याकाळपर्यंत एका कागदावर दोन सह्या हव्या होत्या, आणि सह्या करणारे दोन्ही मार्गदर्शक एकमेकांशी बोलत नव्हते. सरांची खोली डावीकडे, मॅडमची बरोबर समोर. मधल्या बोळातून इकडून तिकडे निरोप नेऊन नेऊन संशोधक पोरीच्या चपला झिजल्या होत्या.

आणि तिच्या प्रबंधाचा विषय काय, तर चेहरे ओळखताना मेंदूतले दोन भाग एकमेकांशी बोलतात का! माणसाला यंत्रात झोपवायचं, चेहरे दाखवायचे, आधी पाहिलेला चेहरा आला की त्याने बटण दाबायचं, आणि तेवढ्या वेळात मेंदूत काय चाललंय ते टिपायचं. पुढच्या आठवड्यापासून यंत्र तिच्या वाट्याला येणार होतं. अट एकच. विश्लेषण कुठल्या पद्धतीने करणार ते आजच लिहून द्यायचं. नाहीतर यंत्र शेजारच्या विभागाला आणि प्रबंध वर्षभर लोंबकळत.

"सोपं आहे गं," सर म्हणाले. "आराम करताना दोन भागांचं नातं किती, आणि काम सुरू झालं की ते किती घट्ट होतं, एवढंच बघ."

"तसलं काही करू नकोस," समोरच्या खोलीतून मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक चेहऱ्याला दोन्ही भाग किती पेटले ते वेगवेगळं मोज. दोघं बरोबरच चढतात-उतरतात का ते बघ. आणि हे त्यांना जाऊन सांग."

तिने सांगितलं. सरांनी उलट निरोप दिला. तो इथे छापण्यासारखा नाही.

मागे एकदा चाचणीसाठी तिने नवऱ्यालाच यंत्रात घातलं होतं, शेवटी त्याचेच आकडे तिने काढले. सरांच्या पद्धतीने नवऱ्याच्या मेंदूतले दोन भाग गळ्यात गळे घालून बोलत होते. मॅडमच्या पद्धतीने त्यांची साधी तोंडओळखही नव्हती. मेंदू एकच, नवरा एकच!

"बघ, म्हटलं नव्हतं?" सर खूश झाले.

"बघ, म्हटलं नव्हतं?" मॅडमही खूश झाल्या.

तिने दोन्ही पद्धतींची मोट बांधून पाहिली. सरांनी ती भेसळ म्हणून परत केली, मॅडमनी खिचडी म्हणून. तिला रडावंसं वाटलं, पण रडायलाही वेळ नव्हता. बोळात उभं राहून तिने नवऱ्याला फोन लावला.

"खरं सांग, यंत्रात तुझं लक्ष होतं ना चेहऱ्यांकडे?"

"कसले चेहरे?"

"अरे, समोर दिसत होते ते!"

"मला कुठे काय दिसत होतं? आत जाताना तूच चष्मा काढून घेतलास. तारेची काडी आहे, लोहचुंबक ओढेल म्हणालीस."

नवऱ्याचा चष्मा काढला की त्याला समोरचं दारही शोधावं लागतं, हे लग्नाची बायको असून ती विसरली होती. यंत्रात चालणारा प्लास्टिकचा चष्मा शेजारच्याच कपाटात पडून होता.

"मग बटण कसं दाबत होतास?"

"अंदाजाने. समोर धुकं हललं की दाबायचो. अगदीच नसतं दाबलं तर तू चिडली असतीस."

"म्हणजे तुला एकही चेहरा दिसला नाही?" ती एवढ्या जोरात ओरडली की दोन्ही दारं उघडली.

तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. सह्या गेल्या, यंत्र गेलं, आता फक्त बोलणी खायची राहिली होती.

"वा!" सर म्हणाले. "दिसत नसताना ओळखायची धडपड! तीच पकडली माझ्या पद्धतीने."

"चेहरे दिसलेच नाहीत, म्हणून संबंधही नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पद्धतीने खोटं सांगितलं नाही."

"मग दोन्ही ठेवू या की," सर म्हणाले, आणि चक्क मॅडमकडे बघून म्हणाले.

"ठेवू या. पण हाच माणूस पुन्हा हवा. एकदा चष्म्यासकट, एकदा चष्म्याशिवाय."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!"

दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या आणि बोलत बोलत मॅडमच्या खोलीत गेले. तिच्या तोंडावर दार लागलं. इतके दिवस तिने दोघांचे निरोप वाहिले, आणि आता तिला आत ये म्हणायचीही कोणाला आठवण झाली नाही.

घरी आल्यावर तिने पर्स ठेवली, चहा केला आणि कप नवऱ्याच्या हातात दिला.

"झाल्या सह्या?"

"झाल्या."

"छान." त्याने कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि घडी करून तिच्या तळहातावर ठेवला. "कधी जायचंय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मागच्या वेळीही तू असाच न मागता चहा दिला होतास," तो चाचपडत कप शोधत म्हणाला. "माझी आपली हीच पद्धत आहे."