बारा कोट आणि माझं इंजिन

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी हुशार आहे! हे मी एकटाच म्हणतो असं नाही, पूर्वी इतरही म्हणायचे.

पेशाने मी प्रोग्रामर. डेटाबेस म्हणजे काय हे बायकोला मी एकदा असं समजावलं होतं : पुढे एक कारकून बसलेला असतो, तो तुमचा प्रश्न ऐकून घेतो. मागे कोठीत एक हमाल असतो. तो माहिती नेऊन ठेवतो आणि मागितली की शोधून आणतो. त्या हमालाला आम्ही स्टोरेज इंजिन म्हणतो. कारकून बाजारात तयार मिळतो, हमालही मिळतो. पण मी ठरवलं, हमाल आपला आपण घडवायचा!

"मिळतो तर घडवायचा कशाला?" बायकोने विचारलं.

"तयार हमाल सगळ्या जगासाठी असतो. माझा खास आत्यासाठी असेल."

"आत्यांनी मागितलाय?"

हा प्रश्न मला गैरलागू वाटला.

माझी आत्या कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, एक लांब टेबल, आरसा, आणि कपाटात एकतीस वह्या. अडतीस वर्षांत जो जो माणूस तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला, त्याचं माप त्या वह्यांत आहे. कोण कधी सुटला, कुणाचं पोट कुठल्या साली पुढे आलं, सगळा इतिहास! मी त्या वह्या घरी आणल्या आणि चार महिने टाइप करत बसलो. इंजिनही सोबत लिहीत होतो. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या तपासनिसाला मी ते दाखवलं. लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हेच त्याचं काम, त्यामुळे त्याचं तोंड कायम आंबट.

"बंद करून परत सुरू करून पाहिलंस का?" त्याने विचारलं.

"माझं इंजिन बंद पडतच नाही! मग परत सुरू कशाला करू?"

तो डबा उघडून जेवायला लागला.

आता आतोबांबद्दल सांगायला हवं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, शाळेत भूगोलाचे मास्तर होते. उंच, रुंद, आवाज असा की मधल्या सुट्टीत नुसते खोकले तरी अर्धं मैदान गप्प व्हायचं. गेल्या वर्षी आजारी पडले आणि दोन महिने दवाखान्यात राहिले. गेले तेव्हा भिंतीवर पसरलेल्या नकाशाएवढे होते, परत आले ते नकाशा गुंडाळून ठेवावा तसे. डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे, हिंडा-फिरा. पण आतोबा दाराबाहेर पाऊल टाकेनात. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन पुस्तक तोंडासमोर धरायचे. आत्याने एकदा सहज टेप हातात घेतली तर म्हणाले, "मला मोजू नकोस." त्यानंतर तिने टेप त्यांच्यासमोर गळ्यात घालणंही सोडलं.

अशात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला. मास्तरांचा सत्कार, आणि त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांचं गायन मंडळ गाणार. अकरा गायकांना एकसारखे निळे कोट हवे होते, आणि ते काम आत्याकडे आलं.

"येणार नाही," आतोबा म्हणाले. "लोक गाणं ऐकायला येणार नाहीत, मी किती वाळलो ते बघायला येतील."

आत्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अकराच्या जोडीला बारावा त्यांचाही शिवते. आठ वर्षांपूर्वीचं शेवटचं माप आहे ना, त्याच मापाचा. ढगळ झाला तर झाला, आतून दोन स्वेटर घालायला लावीन. पण वाळलास असं त्यांना कोटाने म्हणायला नको. मला त्यांना फक्त त्या दारातून बाहेर पडलेलं बघायचंय रे."

तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "आत्या, तू काळजीच करू नकोस. माझं इंजिन आहे!"

सोमवारी गायक मंडळी आली : बेकरीवाले, दाताचे डॉक्टर, ग्रंथपाल, पोस्टमास्तर, सगळी आत्याची जुनीच गिऱ्हाइकं. आत्या टेप लावून आकडे ओरडत होती, मी माझा कॉम्प्युटर तिथेच टेबलावर मांडून टाइप करत होतो. काम झाल्यावर मी ऐटीत बेकरीवाल्यांचं नाव टाकलं. पापणी लवायच्या आत उत्तर : छाती शेहेचाळीस! टाळ्याच पडल्या. दाताचे डॉक्टर तर म्हणाले, "आमच्या दवाखान्यातही बसवून द्या."

त्यानंतर काय घडलं ते नीट ऐका. मी हातपाय धुवायला आत गेलो. आत्याला इस्त्री लावायची होती आणि खोलीत प्लग एकच. तिने माझ्या कॉम्प्युटरची वायर उपटली, इस्त्री केली, आणि वायर पुन्हा जागच्या जागी नीट लावून ठेवली. मी आलो तर पडदा काळा! बटण दाबलं, सगळं सुरू झालं, मी बाराही मापांच्या चिठ्ठ्या छापल्या आणि आत्याच्या हातात दिल्या.

त्या चिठ्ठ्यांवर नावं नव्हती. तोही माझाच शहाणपणा! नाव काय, दोघांचं सारखं असू शकतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक क्रमांक दिला होता आणि चिठ्ठीवर तेवढाच छापला होता. कोट तयार झाले की क्रमांक बघून नावाची पट्टी मी लावणार होतो.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "अरे, हे सगळे इतके बारीक? मी टेप धरली तेव्हा पोटं हातात मावत नव्हती. आणि हा चारशे बारा नंबर कोण? बाहुला?"

"मंडळात बासरीवाले आहेत ना, ते ठेंगणे आहेत."

"इतके?"

"आत्या," मी म्हणालो, "आठवण चुकते. आकडा चुकत नाही."

दवाखान्याच्या दगदगीपासून ती वस्तू इकडच्या तिकडे ठेवायला लागली होती, आणि त्याचं तिला फार लागायचं. "असेल बाबा," ती हळूच म्हणाली, "माझंच लक्ष नसतं हल्ली." 'आठवण चुकते' या माझ्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

ट्रायल घेऊ या असं ती एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, ट्रायल लागते ती अंदाजाने शिवणाऱ्याला! बिचारीने ऐकलं.

रविवारी सकाळी आठला मंडळ हजर. दहाला कार्यक्रम. मी नावाच्या पट्ट्या लावून कोट वाटले आणि हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

पहिला आवाज बेकरीवाल्यांच्या पाठीतून आला. टर्रर्र! त्यांचा एक हात बाहीत गेला होता, दुसरा बाहेर राहिला होता, आणि दोन्ही हात आता काहीच करू शकत नव्हते.

"काढा मला यातून!" ते ओरडले.

ग्रंथपालांची बाही कोपराशी येऊन थांबली होती. दाताचे डॉक्टर भिंतीला टेकून अगदी हळू बोलत होते, "श्वास घेतला तर बटण जाईल, नाही घेतला तर मी जाईन!" तेवढ्यात बटण गेलंच, आणि थेट आरशावर आपटलं. चारशे बारा नंबरचा कोट निघाला पोस्टमास्तरांचा. सहा फुटी माणूस! तो कोट त्यांनी दोन बोटांत धरून मला विचारलं, "हा मी खिशात ठेवायचा आहे का?"

ठेंगणे बासरीवाले तेवढे कोपऱ्यात उभे राहून हसत होते, पण त्यांचंही वरचं बटण लागत नव्हतं.

आत्या खुर्चीत बसली. हातातली टाचणी तशीच. "माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "मलाच आता जमत नाही."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं इंजिन जुनं काही खोडत नाही. नवं माप आलं की ते शेवटी लिहितं, आणि कुणाचं ताजं माप कुठे आहे याची यादी डोक्यात ठेवतं. वीज गेली की ती यादी पुसली जाते, आणि सुरू होताना पहिल्या वहीपासून वाचत नव्याने करावी लागते. तिथे वेळ वाचावा म्हणून मी युक्ती केली होती : एक नाव एकदा यादीत आलं, की ते पुढे पुन्हा दिसलं तरी थांबायचं नाही. त्यामुळे प्रत्येकाचं सगळ्यात जुनं माप यादीत बसलं होतं. बेकरीवाले होते विशीतले. पोस्टमास्तर होते इयत्ता चौथीतले!

"आत्या, तुझं नाही, माझं चुकलं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "तुझी आठवण बरोबर होती. आकडेच मी चुकीचे दिले." पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. आतल्या दाराकडे बघत होती.

दारात आतोबा उभे होते. गोंधळ ऐकून बाहेर आले होते, पुस्तक हातातच. त्यांनी अडकलेल्या बेकरीवाल्यांकडे बघितलं, पोस्टमास्तरांच्या बोटांतल्या कोटाकडे बघितलं, आणि हसायला लागले! सहा महिन्यांत पहिल्यांदा! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे, चौथीत असताना तू एवढाच होतास!" पोस्टमास्तरांना म्हणाले.

बारावा कोट टेबलावर एकटा पडला होता. आत्याने तो उचलला. लपवण्यासारखं आता काही राहिलंच नव्हतं. "हा तुमचा," ती म्हणाली. "पण तोही बिघडलाच असणार."

आतोबांनी हात मागे केले. तिने बाह्या चढवल्या. खांदे खांद्यांवर बसले, बाही मनगटाशी थांबली, तिन्ही बटणं एकामागून एक लागली. ते आरशात बघत राहिले. आरशातला माणूस वाळलेला दिसत नव्हता, सडपातळ दिसत होता.

"मोजलंस कधी मला?" त्यांनी विचारलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "नजरेनं," ती म्हणाली.

नंतर तिने मला वही दाखवली. पहिली वही, पहिलं पान. छाती छत्तीस, कोट एक, आणि समोर नावाऐवजी नुसतं लिहिलेलं : 'शाळेतले नवीन मास्तर'. दुकान उघडलं त्या दिवशी आलेलं पहिलं गिऱ्हाईक. ते माप कुणाचं हे मलाच तिला विचारावं लागलं होतं, आणि मी टाइप करून विसरून गेलो होतो.

आतोबा दारातून बाहेर पडले. आत्या उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. मी हाक मारली तेव्हा कुठे चपला घालून धावली. अकरा गायकांनी कोट हातावर टाकून गाणी म्हटली. लोकांना वाटलं, हल्ली तशीच पद्धत असेल! आतोबा माइकसमोर उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "मागचे दोघं, बोलणं बंद!" सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी पण. जरा मागे, बेकरीवाल्यांची नजर चुकवून.

पुढचे तीन आठवडे आत्याने मला समोर बसवून अकरा कोटांचे टाके उसवायला लावले. आत दाबलेलं कापड काही जणांना पुरलं, पोस्टमास्तरांना मात्र कोट नवाच शिवावा लागला. इंजिनही मी दुरुस्त केलं. आता वीज जाऊ दे, इस्त्री येऊ दे, ताजंच माप मिळतं!

आतोबा रोज तो कोट घालून फिरायला जातात. चार-पाच ठिकाणी थांबतात, प्रत्येक ठिकाणी काहीतरी खातात. परवा सकाळी मी तिथेच होतो. ते बाहेर आले आणि कुरकुरले, "अगं, हे मधलं बटण लागत नाही. कापड आटलं वाटतं."

आत्या मशीनवरून उठली. गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. आतोबांनी एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि हात पसरले.

मी झटकन कॉम्प्युटरसमोर बसलो, बोटं तयार ठेवली. "बोल आत्या! आकडा सांग!"

"तू राहू दे," ती म्हणाली. डोळे पुसून तिने कानामागची पेन्सिल काढली, कपाटातून कोरी वही घेतली आणि माझ्याकडे पाठ करून लिहिलं.

आकडा काय आला ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमतही झालेली नाही!